नऊ सांडव्यांसाठी मुंबई

मुंबईला जायची हौस मला कधीच नव्हती. लोक तिथे नोकरीला जातात, दवाखान्याला जातात, समुद्र बघायला जातात. मी गेलो तो कापले गेलेले सांडवे परत आणायला.

सांडवा काय असतो ते आमच्या माणदेशात शेरडं वळणाऱ्या माणसालाही ठाऊक आहे. तरी ज्यांनी शहराबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून आम्ही आडवे मातीचे बांध घालतो. बांध पाणी अडवतो. पण पाणी किती अडवायचं यालाही माप आहे. मापाबाहेरचं पाणी निघून जायला बांधात एका ठिकाणी दगडानं बांधलेली वाट ठेवतात, बांधाच्या माथ्यापेक्षा हातभर खाली. तो सांडवा. तो नसला तर पाणी माथ्यावरून जातं आणि बांध फुटतो. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर येतं, मग तोही फुटतो. अडवून ठेवलेली सगळी माती एका दुपारी नदीला मिळते.

दोन हिवाळे खपून आम्ही चार गावांच्या उतारावर बांध घातले होते. दुर्बीण लावून उतार मी मोजला, रेषा मी आखल्या, नकाशा मी काढला. त्याच्यावर सही मात्र आमच्या साहेबांची, कारण ते शेतकी कॉलेजचे पदवीधर आणि मी दुष्काळी कामावर पाटी वाहता वाहता शिकलेला. नकाशाच्या कोपऱ्यात ‘तयार करणारा’ असा रकाना असतो. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत तो रकाना माझ्या नावानं एकदाही भरला गेला नाही. याची चीड मला तेव्हाही होती आणि आत्ता लिहितानाही आहे.

मातीचं काम झालं आणि वैशाखात मुंबईहून कागद आला. बांध मंजूर, सांडवे नामंजूर. सगळेच्या सगळे, तांबड्या शाईनं आडवे कापलेले. कारण काही नाही.

लागत होते नऊ. मी मागितले होते चौदा. ही गोष्ट लपवत नाही, कारण त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. सरकारकडे नऊ मागितले तर पाच मिळतात. चौदा मागा, भांडा, रडा, तर नऊवर येतं. बैलबाजारात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण चौदाचं शून्य होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं.

गावात बैठक बसली. आमच्यात वयानं सगळ्यांत मोठा दगडू आबा. त्याचंच शेत उताराच्या तळाला, म्हणजे वरचं सगळं फुटलं तर पहिल्यांदा त्याच्या उरावर. तो म्हणाला, “तात्या, तुझ्या शब्दावर आमी जमिनीत बांध घालू दिला. आता मृग लागायच्या आत सांडवं आलं तर बरं. न्हाय आलं तर बांध आमीच फोडणार. पावसानं फोडल्यावर माती जाती, आपुन फोडला तर निदान मातीचा ढीग तरी राहतो.” कुणी त्याला वेड्यात काढलं नाही. मीही काढलं नाही, कारण तो बरोबर बोलत होता. साहेबांना मुंबईला चला म्हणालो, तर त्यांना ताप आला. मग मीच नकाशा पत्र्याच्या नळीत घातला आणि निघालो. मृगाला तीन आठवडे उरले होते.

कोरेगावपर्यंत एस.टी., तिथून रेल्वे, पुण्याला गाडी बदलून दादर. स्टेशनाबाहेर पडलो तर समोर फुलांचा बाजार. झेंडूच्या पाट्यांवर फुलवाले ओंजळी ओंजळीनं पाणी मारत होते आणि ते पाणी रस्त्यावरून वाहत वाहत कोपऱ्यात तुंबलं होतं. गटाराचं तोंड तुंबलेल्या जागेपेक्षा चार बोटं वर. म्हणजे ज्यानं हे गटार बांधलं त्यानं पाणी वर चढतं असं धरलं होतं. मुंबईबद्दल माझं पहिलं मत तिथेच झालं.

तेवढ्यात एका पोलिसानं हटकलं. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. भिंतीभिंतीवर गेरूनं घोषणा लिहिलेल्या, पोलिसांना हातात लांबट काही दिसलं की संशय. नळी उघडायला लावली. नकाशा पसरून तो बराच वेळ त्या वळणावळणाच्या रेषांकडे बघत राहिला आणि म्हणाला, मोर्चा कुठून कुठे जाणार आहे? मी म्हणालो, मोर्चा पाण्याचा आहे, डोंगरावरून नदीकडे. त्यानं गाव विचारलं. मी सांगितलं. मग त्याचा चेहरा बदलला. तो फलटणकडचा निघाला, नायगावच्या पोलीस चाळीत राहणारा. आमच्याकडे बांध कधी घालणार म्हणून विचारू लागला. आधी मुंबईवाल्यांना सांडवा कळू दे, मग येतो, असं सांगून मी ट्राम धरली.

उतरायचं होतं लालबागला. आमच्या गावचा शंकर तिथे गिरणीत साच्यावर (मागावर) आहे. त्याच्या खोलीत अकराजण राहतात, पाळीपाळीनं कामाला जातात आणि पाळीपाळीनं झोपतात. अंथरूण कधी गार होत नाही. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा चाळीत अशी झोंबाझोंबी की आमच्याकडे आटलेल्या विहिरीवरही होत नाही. तीन बाजूंनी समुद्र, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि बादलीसाठी एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार. मी शंकरला म्हणालो, आमच्याकडे पाणी नाही म्हणून भांडण. तुमच्याकडे आहे तरी भांडण. मग तुम्ही गाव सोडून मिळवलं काय? तो म्हणाला, “पगार मिळवला, तात्या. तू बी खोलीचं भाडं न देता झोपलायस, तवा गप झोप.”

खोलीत निम्मे घाटावरचे, निम्मे कोकणातले. कोकणातल्यांत सावंत नावाचा एक मालवणी होता, तोंडाचा फाटका. मला पाहताच ‘घाटी इलो’ म्हणून त्यानं स्वागत केलं. खाणावळीत त्या दिवशी बांगड्याची कढी होती. मला काटे काढता येईनात, तर म्हणाला, तात्यानू, जमीन नांगरल्यासारखो नांगरू नकात. मी ताट सरकवलं आणि भाकरी-मिरचीवर उठलो. उपाशी राहीन, पण ज्या जेवणात जेवणाऱ्याशी भांडायची हाडं आहेत ते जेवणार नाही.

त्याच संध्याकाळी माझी फजिती झाली, तीही सांगतो. शंकरबरोबर परळच्या बाजूला फिरायला गेलो होतो. एका सखल रस्त्यावर गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. आभाळ कोरडं, पाऊस नाही, आणि पाणी खालून वर. मी तिथेच थांबलो आणि रस्त्यावरच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं की जमिनीखालचा पाइप फुटला आहे, कुणीतरी पळत जाऊन कळवा. दोघेचौघे जमले. मागून सावंत आला आणि पोट धरून हसत सुटला. “पाइप फुटूक नाय हो तात्यानू. दर्याक उधाण इला. ह्या गटार आमचा नाय, दर्याचा. तो भरलो की परत करता.” तीस वर्षं मी पाण्याचा उतार बघतो आहे. पाणी उताराकडे जातं एवढ्या एका गोष्टीवर माझं पोट आहे. आणि मुंबईत पाणी दिवसातून दोनदा उलटं येतं, हे लोक त्याला टांग टाकून ओलांडतात आणि सिनेमाला जातात. ज्या शहराचा सांडवा समुद्रच बंद करतो, त्या शहरात माझे सांडवे कापले गेले यात आश्चर्य ते काय, असं मला तेव्हा वाटलं.

शुक्रवारी सकाळी कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते लिहीत नाही, त्या भागात सगळ्या सारख्याच दिसतात. पहिल्या टेबलावर विचारलं, आपण कोण? मी सांगितलं, जगदाळे, बांधबंदिस्तीचं काम बघतो. पदवी? नाही. मग साहेब का आले नाहीत? त्यांना ताप आहे. मग ताप उतरल्यावर त्यांना पाठवा. दुसऱ्या टेबलावर हेच. तिसऱ्यावरच्या माणसानं पदवी विचारली नाही, पण ‘माती वाचवायची म्हणजे साठवायची कुठे?’ असं विचारलं. त्याला वाटलं पोत्यात भरतात. मी त्याला म्हणालो, तुमच्या डोक्यात जागा आहे, तिथे साठवू. त्यामुळे चौथ्या टेबलावर जायच्या आत मला बाहेर काढलं. दिवस गेला.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. या वेळी शिपायाशी आधी बोललो, चहा पाजला, त्याच्या गावचा पाऊस विचारला, आणि तो मला सरळ मानकरांच्या टेबलाशी घेऊन गेला. मानकर हेडक्लार्क. जुन्या मुंबईकर घराण्यातले, बंद गळ्याचा कोट, पांढरी पँट, बोलणं मऊ आणि शुद्ध, निवृत्तीला काही महिने राहिलेले. त्यांनी मला खुर्ची दिली. तीन दिवसांत मला खुर्ची देणारा तो पहिला माणूस. म्हणून मला त्यांचा राग जास्त आला, कारण तांबडी शाई त्यांचीच होती.

फाइल काढली. मी मराठीत लिहून दिलेला मसुदा आमच्या पदवीधर साहेबांनी इंग्रजीत करून पाठवला होता. इंग्रजीत सांडव्याला ‘वेस्ट वेअर’ म्हणतात. मानकरांनी त्यातल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं, की सर्व प्रकारचा ‘वेस्ट’, म्हणजे अपव्यय, ताबडतोब बंद करावा. मानकरांनी ते मनावर घेतलं. ज्या ज्या फाइलीत जिथे जिथे तो शब्द दिसला तिथे तिथे रेघ मारली. चौदा ठिकाणी ‘वेस्ट’ लिहून वर त्याची मंजुरी मागणारा अधिकारी त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. प्रामाणिक तरी आहे, असं त्यांना वाटलं म्हणे.

मी खुर्चीतून उठलो. मग आवाज चढला. मी म्हणालो, इंग्रजीत कारभार चालवता म्हणून हे होतं. उद्या संयुक्त महाराष्ट्र होईल, मराठीत कागद येतील, तेव्हा सांडवा म्हणजे सांडवा राहील.

मानकर शांतपणे म्हणाले, “मराठीत लिहिलं असतं तरी मी कापलं असतं.”

“का?”

“सांडणं म्हणजे वाया जाणंच ना? आमच्याकडे दूध सांडलं की घरात बोलणी बसतात. सांडण्यासाठी सरकारनं दगडी बांधकाम करून द्यायचं, हे कुठल्या भाषेत बरं दिसतं?”

मी नकाशा उघडला, उतार दाखवला, बांध फुटतो कसा ते सांगितलं. ते मान हलवत होते, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. एक वाजला. त्यांनी फाइल बांधली. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो. ते गिरगावात राहतात आणि घरी चालत जातात. कचेरीपासून त्यांच्या वाडीच्या तोंडापर्यंत मी सारखा बोलत होतो. तोंडाशी ते थांबले, नमस्कार केला आणि म्हणाले, सोमवारी बघू. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही भाषांत मला नीट ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मी न बोलावता त्यांच्या घरी गेलो.

गिरगावातली ती वाडी म्हणजे एका बोळात भरलेलं गाव. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं आणि दारात कोळीण पाटी उतरवून बसली होती. समोर मानकरांच्या पत्नी ताराबाई, कमरेला पदर खोचून. मला वाट मिळेना म्हणून मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. कोळणीनं पापलेटाच्या जोडीचा भाव सांगितला. ताराबाईंनी मासे उलटेही केले नाहीत, सरळ निम्मे म्हणाल्या. कोळीण म्हणाली, “बाय, तू रोज अर्धा करतंस, म्हणून मी रोज दुप्पट सांगतंय. एक दिवस खरा सांगितला तर तू मना उपाशी मारशील.” दोघी हसल्या, आणि मासे निम्म्याहून थोड्या वर गेले. मला ही बाई आवडली. मुंबईत शहाणपण आहे, पण ते दारात बसून मासे विकतं, असं मी मनात म्हणालो. त्या बोलण्यात माझ्याच पायाखालचा खड्डा होता, तो मला दिसला नाही.

मानकरांना मला बघून आनंद झाला नाही, पण रीतीला चुकणारी माणसं नव्हेत ती. चहा आला, भानोलं (कोबी आणि कोलंबी घालून भाजलेली वडी) आलं. त्यात काटे नव्हते, म्हणून मी दोनदा घेतलं. मग पुन्हा नकाशा काढला. मानकर म्हणाले, जगदाळे, आज रविवार आहे. मी पुन्हा बांध, उतार, माथा सांगू लागलो. ते खिडकीबाहेर बघू लागले.

माझं डोकं फिरलं. मी उठलो, त्यांच्या मोरीत गेलो. स्वच्छ फरशीची मोरी, वीतभर उंच कट्टा, कोपऱ्यात पाणी जायचं भोक. सकाळची वेळ, नळाला अजून पाणी होतं. दोरीवरचा पंचा ओढला, त्याचा बोळा करून भोकात कोंबला आणि नळ सोडला.

ताराबाईंना वाटलं पाहुण्याला चक्कर आली. मानकर दाराशी येऊन उभे राहिले. मी म्हणालो, हा कट्टा म्हणजे माझा बांध. हे भोक म्हणजे सांडवा. तो तुम्ही तांबड्या शाईनं बुजवला. आता बघत राहा. पाणी कट्ट्याला लागलं. मानकर म्हणाले, बरं बरं, कळलं. मी म्हणालो, अजून नाही कळलं. पाणी माथ्यावर आलं, एका जागी कट्ट्यावरून धार सुटली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाली. फरशीचा उतार तिकडेच होता. ते मी आत येतानाच पाहून ठेवलं होतं. पापलेटांचं ताट जमिनीवर होतं. धार ताटाला वळसा घालून पिठाच्या डब्याकडे गेली.

“अहो, बोळा काढा आधी,” ताराबाई नवऱ्यावर ओरडल्या. “एवढं साधं तुम्हांला कळत नाही? भोक बुजवलं तर पाणी घरात येणार नाही तर काय वर जाणार?”

मानकरांनी सदऱ्याची बाही न सरसावता हात घातला आणि बोळा ओढून काढला. मोरी गुळगुळ करत रिकामी झाली. ते ओल्या हातानं तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हणजे मी चौदा मोऱ्या बुजवल्या.”

त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. काम झालं होतं. पण पुसायला फडकी शोधता शोधता मानकरांनी विचारलं, चौदाच्या चौदा लागतातच का? आणि मी सवयीनं म्हणालो, एकही कमी चालणार नाही.

ताराबाई पिठाचा डबा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “सात द्या.”

मी चपापलो. म्हणालो, बाई, हे मासे नव्हेत. सातात बांध राहणार नाहीत. त्या म्हणाल्या, मग किती? मी नाइलाजानं खरं बोललो. नऊ.

“आत्ता चौदा होते.”

“ते मागायचे असतात. लागतात नऊ.”

मानकर ओल्या फरशीवर स्टूल ओढून बसले. “मग चौदा का लिहिले?”

“तुम्ही कापता म्हणून.”

“आणि आम्ही का कापतो? तुम्ही वाढवून लिहिता म्हणून. आता तुम्ही नऊ म्हणता. मी हे खरं कशावरून धरू? उद्या सहावर याल.”

मी शपथ घेतली. देवाची घेतली, मातीची घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यात खरा आकडा बोलत होतो आणि समोरचा त्याला सौदाच समजत होता. शेवटी मी नकाशा ओल्या फरशीवरच पसरला आणि एकेक ओढा बोटानं दाखवला, ओढ्यामागे एक सांडवा. ताराबाईही डबा ठेवून वाकल्या. त्यांनी ओढे मोजले, दोनदा मोजले. नऊ भरले. त्या म्हणाल्या, “नऊच मोऱ्या आहेत यात. खरंच सांगतोय तो.” आणि मग माझ्याकडे वळून, “आधीच सांगितलं असतं तर माझं पीठ वाचलं असतं.”

सोमवारी कचेरीत मानकर माझी वाट पाहत होते. त्यांनी रात्रीत विचार केला होता आणि तो मला आवडणारा नव्हता. नऊ सांडवे मंजुरीला वर पाठवायचे, तर वरचे साहेब विचारणार की आधी सगळे कापले का आणि आता चौदाचे नऊ कसे झाले. याचं कारण फाइलीत हवं. कारणं दोन होती. एक, मानकरांना शब्द कळला नाही. दुसरं, मी आकडा फुगवला. फाइलीत एकच पुरे.

मी म्हणालो, दोन्ही लिहू, अर्धं तुमचं, अर्धं माझं. ते म्हणाले, माझ्या निवृत्तीला चार महिने आहेत, छत्तीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही. मी म्हणालो, माझ्या नावावर तर काहीच नाही, माझं नावच नाही कुठे. ते म्हणाले, मग यात येईल.

त्यांनी तो कागद तयार करून ठेवला होता. मी, अमुक अमुक, नकाशा व मसुदा तयार करणारा, असं लिहून देतो की गरज नऊ सांडव्यांची असताना मी हेतुपुरस्सर चौदा लिहिले, व त्यामुळे सर्वच बाब संशयास्पद वाटून नामंजूर झाली. खाली सहीची जागा. त्यांनी तो मला मराठीत समजावून दिला, सावकाश, आवाज न चढवता.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूची टेबलं लिहायची थांबली. ज्यानं चौदा मोऱ्या बुजवल्या तो कोरडा, आणि ज्याचा नकाशा होता तो लबाड. बारा वर्षं ज्या रकान्यासाठी मी झुरलो, ‘नकाशा तयार करणारा’, तो रकाना मला मिळत होता तो कबुलीजबाबाच्या पहिल्या ओळीत. असा कागद फाइलीला लागला की बढती संपली, हे तिथल्या शिपायालाही कळत होतं. तो माझ्याकडे बघेना.

मी कागद फाडायला उचललाही. पण मृगाला आता पंधराच दिवस राहिले होते आणि आबा बोलल्यासारखं करणारा माणूस आहे. दोन हिवाळे ज्यांनी माझ्या दोरीमागून माती टाकली, ते आपल्या हातानं ती उपसणार होते. माझी बढती एका बाजूला घातली आणि ते बांध दुसऱ्या बाजूला. मला तोलायला वेळ लागला नाही, पण राग अजून गेलेला नाही.

एक सौदा मात्र मी सोडला नाही. म्हणालो, सही करतो, पण पुन्हा ‘वेस्ट’ लिहायचं नाही. ‘सांडवा’ लिहा. मानकर म्हणाले, इंग्रजी मसुद्यात मराठी शब्द चालत नाही. मी म्हणालो, मग सही चालत नाही. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर तोलत, ‘सांडवा’ लिहिलं. नऊ वेळा. मी कबुलीच्या कागदाखाली देवनागरीत सही केली. तीन वाजता वरच्या साहेबांनी न वाचता मंजुरी दिली. सगळं न वाचताच होणार होतं, तर पहिल्याच वेळी का झालं नाही, हे विचारायला मी थांबलो नाही.

जिन्यापर्यंत मानकर सोडायला आले. म्हणाले, घरून तुमच्यासाठी भानोलं दिलं आहे. डबा माझ्या हातात दिला. तो मी घेतला. रागावलेल्या माणसालाही परतीच्या प्रवासात भूक लागतेच.

त्या संध्याकाळी लालबागच्या खोलीत सावंतनं विचारलं, तात्यानू, मुंबई आपल्याला मिळायला पाहिजे की नको? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मिळालीच पाहिजे. दुसऱ्या कुणाला हे सांभाळायला देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. हसले सगळे. पण माझ्या मनात होतं ते वेगळंच. उद्या राज्य आपलं होईल, कागद मराठीत येतील, टेबलामागं आपलीच माणसं बसतील. पण एकानं वाढवून लिहायचं आणि दुसऱ्यानं न वाचता कापायचं, हे कुठली भाषा थांबवणार? त्याचं भाषांतर करावंच लागत नाही. ते मला आणि मानकरांना जन्मापासून येतं.

मंगळवारी गाडी धरली. घाट चढून गाडी वर आली, कोरडा वारा लागला, आणि पाणी उताराकडे जातं त्या मुलखात आल्यावर बरं वाटलं.

गावात पोचलो तेव्हा मंडळी पारावर बसलेली. आबानं विचारलं, किती आणलंस? मी मंजुरीचा कागद दाखवला आणि म्हणालो, नऊ. लोकांचा जीव भांड्यात पडला. उद्यापासून दगड फोडायला कोण येणार याची बोलणी सुरू झाली. आबानं मात्र कागद हातात घेतला.

“मागितलं व्हतं किती?” त्यानं विचारलं.

“चौदा.”

“म्हंजे पाचाला बसलास की रं.”

लोक हसले. खरे लागत होते नऊच, हे मी त्यांना आधी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा आता सांगून काय उपयोग? सही कशावर करून आलो हेही सांगितलं नाही. बाजारात आजवर मी कुणापुढे एका पैनंही हरलो नव्हतो, हे त्या पारावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना आज गंमत वाटत होती.

आबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे, तात्या. पुढच्या बारीला म्हमईला मला घेऊन जा. तुला घासाघीस जमत न्हाय.”

मी म्हणालो, बरं, आबा. मग दोरी आणि खुंट्या घेतल्या आणि ऊन उतरायच्या आत पहिल्या ओढ्यावर जाऊन सांडव्याची जागा आखली.